आदिम घनताविक्षोभ : एका वर्गसमीकरणाची दोन मुळे

पुरेशा विस्तृत प्रमाणावर पाहिले असता विश्व सर्व ठिकाणी व सर्व दिशांना सारखेच आहे, हे विश्वरचनाशास्त्राचे पहिले गृहीतक होय. परंतु हे गृहीतक काटेकोरपणे खरे असते, तर आकाशगंगा, तारे व ग्रह यांपैकी काहीच अस्तित्वात आले नसते. सर्वत्र सारख्या असलेल्या द्रव्यात गुरुत्वाकर्षणाला कोठे पकड घ्यावी हेच सापडत नाही. म्हणून विश्वाच्या आरंभकाळी घनतेत कोठे किंचित अधिक, कोठे किंचित उणे असे चढउतार होते असे मानावे लागते. त्यांनाच आदिम घनताविक्षोभ म्हणतात.

हे विक्षोभ आता केवळ तर्काचा विषय राहिलेले नाहीत. विश्वाचे वय सुमारे ३,८०,००० वर्षे असताना मुक्त झालेले प्रारण आज २.७२५ केल्व्हिन तपमानाच्या सूक्ष्मतरंगांच्या रूपाने आपल्यापर्यंत पोहोचते. त्याच्या तपमानात दिशेनुसार सुमारे एक लाखांश इतका फरक आढळतो, हे १९९२ साली कोबे या उपग्रहाने प्रथम दाखविले. प्लांक उपग्रहाच्या २०१८ मधील अंतिम निष्कर्षांनुसार या विक्षोभांच्या वर्णपटाचा घातांक ०.९६५ असून त्यातील अनिश्चिती ०.००४ आहे. हा घातांक बरोबर १ असता, तर लहानमोठ्या सर्व लांबींच्या विक्षोभांची तीव्रता सारखीच असती. अशा वर्णपटाला प्रमाणनिरपेक्ष म्हणतात. निरीक्षणांनी त्याची खूण पटण्याच्या कितीतरी आधी हॅरिसन यांनी १९७० मध्ये व झेल्डोविच यांनी १९७२ मध्ये तो सुचविला होता.

प्रमाणनिरपेक्षतेच्या जवळ असलेला हा वर्णपट अतिवेगवान आदिम प्रसरणाचा, म्हणजे स्फीतीचा, पुरावा होय, असे विधान पाठ्यपुस्तकांत वारंवार आढळते. हे अनुमान कितपत ग्राह्य आहे हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वर्णपटाचा आकार हे एकच प्रमाण हाती असेल, तर विश्व त्या काळी प्रसरत होते की आकुंचत होते हे त्यावरून सांगता येत नाही, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल. निर्णय द्यावयाचा तर दुसऱ्या साक्षीदाराकडे वळावे लागते.

१. वाढणारा विक्षोभ व विरणारा विक्षोभ

स्थिर वायूतील घनताविक्षोभ स्वतःच्या गुरुत्वाने घातांकीय वेगाने वाढतो, असे जीन्स यांनी १९०२ मध्ये सिद्ध केले होते. प्रसरणशील विश्वात चित्र पालटते. विक्षोभ द्रव्याला आत ओढीत असतो, तर प्रसरण त्याला बाहेर नेत असते. लिफ्शिट्झ यांनी १९४६ मध्ये सामान्य सापेक्षतावादाच्या आधारे हा प्रश्न सोडविला. दाबविरहित द्रव्याने भरलेल्या विश्वात घनताविक्षोभाला दोन उकली मिळतात. पहिली कालाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते, दुसरी कालाच्या व्यस्त प्रमाणात विरत जाते.

प्रसरणाचा विचार करताना दुसऱ्या उकलीकडे दुर्लक्ष करण्याची रीत आहे, व ती योग्यही आहे. विश्वाचा विस्तार हजारपट होईपर्यंत पहिली उकल हजारपट वाढते, तर दुसरी तिच्यापुढे नगण्य ठरते. तथापि कालाचा ओघ उलटा करून आकुंचनशील विश्व विचारात घेतले, की दोन्ही उकलींच्या भूमिका बदलतात. शेवटाकडे जाणारा काल जसजसा कमी उरतो, तसतशी पहिली उकल क्षीण होते आणि टाकून दिलेली दुसरी उकल प्रबळ होत जाते. प्रसरण व आकुंचन यांतील सारा भेद या एका गोष्टीत बीजरूपाने आहे.

२. तरंगलांबी व हबल त्रिज्या

वाढीचा नियम समजला तरी मूळ विक्षोभ कोठून आले हा प्रश्न उरतोच. पुंजयामिकीनुसार निर्वात स्थितीतही क्षेत्रांचे अल्प आंदोलन टळत नाही. मुखानोव्ह व चिबिसोव्ह यांनी १९८१ मध्ये असे दाखविले की, विश्वाच्या वेगवान प्रसरणात ही पुंजआंदोलनेच ताणली जाऊन आकाशगंगांची बीजे होऊ शकतात. त्यासाठी एक अट मात्र पुरी व्हावी लागते. तरंगाची लांबी आरंभी हबल त्रिज्येहून लहान असली पाहिजे व पुढे तिच्याहून मोठी झाली पाहिजे. हबल त्रिज्या म्हणजे प्रकाशवेगाला प्रसरणाच्या दराने भागून येणारे अंतर. विश्वाच्या चालीत लक्षणीय बदल होण्यास जो काल लागतो, तेवढ्या कालात प्रकाश जितके अंतर तोडतो, तितके हे अंतर असते.

ही अट दोन रीतींनी पुरी होते. स्फीतीत हबल त्रिज्या जवळजवळ स्थिर राहते व तरंगलांबी प्रचंड वेगाने वाढून तिच्या बाहेर जाते. आकुंचनात दोन्ही लांबी घटतात, पण हबल त्रिज्या अधिक वेगाने घटते. दाबविरहित द्रव्याचे विश्व आकुंचन पावत असता शेवटाला उरलेला काल एक-सहस्रांश झाला, तर हबल त्रिज्याही एक-सहस्रांश होते. तरंगलांबी मात्र त्याच अवधीत एक-शतांशच होते. पहिल्या प्रकारात तरंग वाढून कुंपणाबाहेर पडतो, दुसऱ्यात कुंपणच आत सरकत येऊन तरंगाला बाहेर ठेवते.

३. दोन मुळे

आता प्रत्यक्ष समीकरणाकडे वळू. प्रमाणगुणक अ असे मानू. साध्या कालाच्या प्रत्येक सूक्ष्म अंशाला त्या क्षणीच्या अ ने भागून जो काल मिळतो तो ट असे लिहू. दोन्ही प्रकारांत ट हा ऋण मूल्यांकडून शून्याकडे येतो. विक्षोभाची राशी व, तरंगसंख्या क आणि पार्श्वभूमीचे स्वरूप सांगणारी राशी झ असे घेतल्यास समीकरण असे होते :

व″ + (क² − झ″/झ) व = ०

येथील दुहेरी चिन्ह ट च्या संदर्भातील द्वितीय अवकलज दर्शविते. पार्श्वभूमीतील दाब व ऊर्जाघनता यांचे गुणोत्तर स्थिर असेल, तर झ ही अ च्या प्रमाणात बदलते.

किनाऱ्याकडे येणाऱ्या समुद्राच्या लाटेवरून या समीकरणाचा अर्थ ध्यानात येतो. तळ हळूहळू उथळ होत असेल आणि त्या बदलाच्या अंतरामानाने लाटेची लांबी लहान असेल, तर लाट आपले रूप सांभाळीत पुढे येते, फक्त तिची उंची क्रमाने बदलते. परंतु मालवणासमोर सिंधुदुर्गाभोवती जसे खडक आहेत, तशा ठिकाणी एका लाटेच्या लांबीहूनही कमी अंतरात तळ एकदम वर येतो. तेथे लाटेचा काही भाग मागे फिरतो व तिची पूर्वीची चाल मोडते. वरील समीकरणात क² हे पद मोठे असेतो तरंग आपल्या चालीने आंदोलत राहतो. झ″/झ हे पद वरचढ झाले की आंदोलन थांबते व पार्श्वभूमी सांगेल तसे वागणे तरंगाला भाग पडते.

अ ही राशी ट च्या प-व्या घाताच्या प्रमाणात बदलते असे मानल्यास झ″/झ चे मूल्य प(प − १) भागिले ट चा वर्ग इतके येते. म्हणजे विक्षोभाच्या दृष्टीने पार्श्वभूमीविषयीची सारी माहिती प(प − १) या एका गुणाकारात सामावलेली असते. वर्णपट प्रमाणनिरपेक्ष होण्यासाठी या गुणाकाराचे मूल्य २ असावे लागते. याची उपपत्ती सोपी आहे. निर्वात स्थितीतील आंदोलनाचा आयाम तरंगसंख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. क व ट यांचा गुणाकार १ च्या आसपास आला की तरंग हबल त्रिज्येबाहेर पडतो. त्यानंतर व ची प्रबळ उकल १/ट प्रमाणे वाढते, त्यामुळे क चा आणखी एक व्यस्त घात पदरी पडतो. एकंदर आयाम क च्या दीड-घाताच्या व्यस्त प्रमाणात येतो. त्याचा वर्ग करून अवकाशातील प्रकारगणनेमुळे येणाऱ्या क च्या घनाने गुणले असता क नाहीसा होतो, म्हणजेच सर्व लांबींना समान तीव्रता मिळते.

आता प(प − १) = २ हे वर्गसमीकरण सोडविले, तर प = −१ व प = २ अशी दोन मुळे येतात. पहिले मूळ घातांकीय प्रसरणाचे, म्हणजे स्फीतीचे आहे. दुसरे मूळ दाबविरहित द्रव्याच्या आकुंचनाचे आहे. समीकरणाला दोन्ही सारखीच मान्य आहेत. दोन मुळांची बेरीज १ आहे हेही ध्यानात ठेवावे. कारण प च्या जागी १ − प घातल्याने प(प − १) बदलत नाही. डेव्हिड वँड्स यांनी १९९९ मध्ये हे द्वैत स्पष्ट केले. फिनेल्ली व ब्रँडेनबर्गर यांनी २००२ मध्ये त्याच्या आधारे आकुंचनानंतर उसळी घेणाऱ्या विश्वाची प्रतिकृती मांडली.

निरीक्षित घातांक बरोबर १ नाही, ०.९६५ आहे, या वस्तुस्थितीनेही हे द्वैत मोडत नाही. त्यासाठी एका मुळाचे मूल्य −१ ऐवजी सुमारे −१.०१७५ व्हावे लागते, दुसऱ्याचे २ ऐवजी सुमारे २.०१७५. बेरीज पुन्हा १ च. आकुंचनाच्या बाजूने याचा अर्थ असा की, द्रव्याचा दाब अगदी शून्य नसून ऊर्जाघनतेच्या सुमारे −०.००३ पट असावा. सारांश, वर्णपटाचा उतार दोन्ही पक्षांना आपापल्या घटकांत किंचित फेरबदल करून साधता येतो.

४. आकुंचनाच्या तीन अडचणी

मुळे समान पात्रतेची असली, तरी भौतिक दृष्ट्या दोन्ही प्रतिकृतींची स्थिती सारखी नाही. अवकाशाच्या वक्रतेतील विक्षोभ व/झ या गुणोत्तराने मोजला जातो. स्फीतीत व व झ दोन्ही १/ट प्रमाणे बदलतात, म्हणून गुणोत्तर स्थिर राहते. पुढे काय घडले याची पर्वा न करता विक्षोभ जणू गोठतो. आकुंचनात झ ही ट च्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणून तेच गुणोत्तर ट च्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढत जाते. आरंभी टाकून दिलेली दुसरी उकल ती हीच. तेव्हा आजच्या विक्षोभाची तीव्रता आकुंचन कोणत्या घनतेपर्यंत पोहोचून थांबले यावर अवलंबून राहते. ही पहिली अडचण.

दुसरी अडचण विषमदिशतेची. तिन्ही दिशांचे आकुंचन किंचित भिन्न दराने होत असेल, तर त्या भिन्नतेशी निगडित असलेली ऊर्जा प्रमाणगुणकाच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढते. प्रमाणगुणक निम्मा झाला, तर द्रव्याची घनता ८ पट, प्रारणाची १६ पट, परंतु विषमदिशतेची ६४ पट होते. आरंभी नगण्य असलेली विषमता शेवटी सर्वांवर मात करते. बेलिन्स्की, खलात्निकोव्ह व लिफ्शिट्झ यांनी १९७० मध्ये वर्णिलेले अंदाधुंद आकुंचन हा तिचाच परिणाम. खूरी, ओव्हरुट, स्टाइनहार्ट व ट्युरॉक यांनी २००१ मध्ये मांडलेल्या प्रतिकृतीच्या परंपरेत याला उपाय सापडला. दाब ऊर्जाघनतेहूनही अधिक असेल असे क्षेत्र घेतल्यास त्या क्षेत्राची ऊर्जा विषमतेहून वेगाने वाढते. पण अशा आकुंचनात प चे मूल्य ० व अर्ध्याच्या दरम्यान राहते, वर्गसमीकरणाचे मूळ हातून सुटते व वर्णपट लहान लांबींकडे फार झुकतो. तो सावरण्यासाठी दुसऱ्या क्षेत्राचे साहाय्य घ्यावे लागते.

तिसरी अडचण उसळीची. अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणावरून दिसते की, आकर्षणशील द्रव्याचे परिवलनरहित आकुंचन आपणहून थांबत नाही. सपाट विश्वात आकुंचनाचे प्रसरणात रूपांतर व्हावयाचे तर ऊर्जाघनता व दाब यांची बेरीज काही काळ तरी ऋण व्हावी लागते. परिचित द्रव्यात तसे घडत नाही.

५. उसळीचा मराठी अध्याय

या तिसऱ्या अडचणीशी झुंजणाऱ्यांत दोन महाराष्ट्रीय नावे अग्रभागी आहेत. कोल्हापूर येथे १९३८ मध्ये जन्मलेले जयंत विष्णु नारळीकर यांनी फ्रेड हॉइल यांच्या समवेत १९६४ मध्ये ऋण ऊर्जेच्या निर्मितिक्षेत्रामुळे एकवचनी बिंदू कसा टळतो हे दाखविले. द्रव्य दाटत गेले की निर्मितिक्षेत्राची ऋण ऊर्जा अधिक वेगाने वाढते व आकुंचनाला परतविते. हाच विचार पुढे १९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज व नारळीकर यांच्या स्थिरवत् विश्वाच्या प्रतिकृतीत विस्तार पावला. तीत दीर्घकालीन घातांकीय प्रसरणावर सुमारे चार ते पाच हजार कोटी वर्षांच्या आवर्तनाचे आंदोलन चढविलेले असते. प्रमाणगुणक कधीच शून्य होत नाही.

येथील घनताविक्षोभांची उपपत्ती वर वर्णिलेल्या दोन्ही मुळांहून निराळी आहे. तिला पुंजआंदोलनांच्या ताणण्याची गरज नाही. अस्तित्वात असलेल्या दाट पिंडांजवळ प्रत्येक आवर्तनाच्या किमान अवस्थेत नवे द्रव्य निर्माण होते आणि रचना रचनेतून जन्म घेते. पुणे येथील आयुका या संस्थेत नारळीकरांनी अली नायेरी, सुनू इंजिनिअर व हॉइल यांच्यासह १९९९ मध्ये याचे संगणकीय प्रारूप प्रसिद्ध केले. परंतु सूक्ष्मतरंग प्रारणातील तपमानविक्षोभांच्या वर्णपटात जी ध्वनितरंगजन्य शिखरे आढळली, त्यांचा उलगडा तप्त व दाट आदिम अवस्था मानणाऱ्या प्रतिकृती थोड्याच प्राचलांनी करतात. स्थिरवत् विश्वाला तसे सहज साधले नाही, व बहुसंख्य अभ्यासकांनी ते स्वीकारले नाही. नारळीकर २०२५ मध्ये दिवंगत झाले. एकवचनी आरंभ हा सिद्धान्त नसून गृहीतक आहे, ही त्यांनी सतत दिलेली जाणीव मात्र आजच्या उसळीविषयक संशोधनात जिवंत आहे.

दुसरे नाव शिरपूर येथे १९४९ मध्ये जन्मलेले अभय अष्टेकर यांचे. त्यांनी पॉलोव्स्की व परमप्रीत सिंग यांच्यासह २००६ मध्ये असे दाखविले की, अवकाशाची भूमितीच पुंजस्वरूप मानल्यास साध्या सपाट विश्वाचे आकुंचन प्लांक घनतेच्या सुमारे ०.४१ पट घनतेला थांबते व तेथून प्रसरण सुरू होते. येथे कोणतेही ऋण ऊर्जेचे द्रव्य बाहेरून आणावे लागत नाही. तिरस्करण भूमितीतूनच येते. प्लांक घनता म्हणजे पाण्याच्या घनतेची ५ वर ९३ शून्ये इतकी पट.

६. हेलिअमची मर्यादा

नारळीकरांच्या विश्वातील उसळी उथळ, अष्टेकरांच्या विश्वातील उसळी कल्पनातीत खोल. उसळी किमान किती खोल असली पाहिजे, हे ठरविण्याचे एक साधन आपल्यापाशी आहे, व ते म्हणजे हेलिअम. विश्वातील सामान्य द्रव्याच्या वस्तुमानापैकी सुमारे एक-चतुर्थांश हेलिअम आहे. ताऱ्यांच्या गर्भात आजवर तयार झालेले हेलिअम या प्रमाणाचा अल्पांशच भरून काढते. तपमान एक हजार कोटी अंशांच्या आसपास असताना न्यूट्रॉन व प्रोटॉन यांचे प्रमाण ठरून गेले व पुढील काही मिनिटांत अणुकेंद्रे बनली असे मानले, तर हे प्रमाण गणिताने अचूक मिळते. म्हणून आकुंचनानंतर उसळी झाली असेल, तर ती या तपमानाच्या बऱ्याच वर झाली पाहिजे. पूर्वीच्या अवस्थेतील सारी अणुकेंद्रे विरघळून द्रव्य पुन्हा समतोलात आले असले पाहिजे. उथळ उसळीच्या प्रतिकृतींना हेलिअमचा स्वतंत्र उगम दाखवावा लागतो, तो याचमुळे.

हेलिअमच्या शोधाशी सिंधुदुर्ग जिल्ह्याचे नाव जोडले जाते, म्हणून येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. विजयदुर्ग किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ दाखवून नॉर्मन लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात येथूनच हेलिअम शोधला, असे सांगण्याची परंपरा आहे. वस्तुतः त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडात होते. जान्सेन यांनी ते ग्रहण गुंटूर येथून पाहिले. लॉकियर यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबर रोजी ग्रहणाविनाच सौर ज्वालांचा वर्णपट घेतला, व त्यातील पिवळ्या रेषेवरून पुढे हेलिअम हे नाव पडले. लॉकियर विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, म्हणजे रॅम्झी यांनी १८९५ मध्ये पृथ्वीवर हेलिअम वेगळा केल्यानंतर. किल्ल्याचे महत्त्व यामुळे उणावत नाही. सूर्याच्या वर्णपटाचे एक मोठे निरीक्षणकेंद्र तेथे खरोखरच उभारले गेले होते.

७. दुसरा साक्षीदार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन मुळांपैकी कोणते खरे, हे कसे ओळखावे? गुरुत्वीय तरंगांना वरीलच समीकरण लागू पडते, मात्र झ च्या जागी अ येतो. दाबविरहित आकुंचनात झ व अ यांचे गुणोत्तर एकाच्या आसपासचे असते. त्यामुळे घनताविक्षोभ व गुरुत्वीय तरंग दोन्ही बरोबरीने वाढतात, व त्यांच्या तीव्रतांचे गुणोत्तर एकाहून अधिक येते. स्फीतीत झ ही अ च्या मानाने लहान असते. व ला लहान संख्येने भागल्यामुळे घनताविक्षोभ मोठे होतात, गुरुत्वीय तरंग मागे पडतात.

सूक्ष्मतरंग प्रारणाच्या ध्रुवीभवनात या आदिम तरंगांचा ठसा शोधला जातो. दक्षिण ध्रुवावरील बायसेप-केक प्रयोगाच्या २०२१ मधील निष्कर्षानुसार वरील गुणोत्तर ९५ टक्के निश्चितीने ०.०३६ पेक्षा कमी आहे. एवढ्याने दाबविरहित आकुंचनाची साधी प्रतिकृती बाद होते. परंतु प = −१.०१७५ अशा स्थिर घाताची स्फीतीही या कसोटीत टिकत नाही, कारण तिच्यात हे गुणोत्तर सुमारे ०.२८ येते. दोन्ही मुळांच्या साध्यात साध्या प्रतिकृती एकाच निरीक्षणाने निकालात निघाल्या, ही गोष्ट पुरेशी ध्यानात घेतली जात नाही. उरल्या त्या प कालानुसार सावकाश बदलणाऱ्या स्फीतीच्या प्रतिकृती, आणि अधिक दाबाच्या, दोन क्षेत्रांच्या आकुंचनाच्या प्रतिकृती. या दुसऱ्या प्रकारात मोठ्या लांबींचे गुरुत्वीय तरंग जवळजवळ नसतातच.

म्हणून पुढील निरीक्षणांचा अर्थ आजच सांगता येतो. ध्रुवीभवनात आदिम तरंग सापडले व त्यांचा वर्णपटही प्रमाणनिरपेक्षतेजवळ असला, तर अधिक दाबाच्या आकुंचनाचा पक्ष मागे घ्यावा लागेल. ते सापडले नाहीत, तर मात्र स्फीती खोटी ठरणार नाही, कारण तिच्या काही प्रतिकृतींत हे तरंग कितीही दुर्बल असू शकतात. हा पुरावा एकाच दिशेने निर्णायक आहे.

विद्यार्थ्यांनी या विवेचनातून एवढे घ्यावे की, घातांक १ च्या जवळ आहे ही गोष्ट प(प − १) या गुणाकाराविषयी साक्ष देते, प विषयी नव्हे. वर्गसमीकरण सोडविताना शाळेत आपण नको असलेले मूळ सोडून देतो, पण ते का सोडले याचे कारण लिहितो. आदिम विश्वाच्या बाबतीत दुसऱ्या मुळाचे साधे रूप सोडण्याचे कारण गुरुत्वीय तरंगांच्या मर्यादेने दिले आहे, घनताविक्षोभांच्या वर्णपटाने नव्हे. ते कारण न लिहिता केवळ उत्तर लिहिणे हे या विषयात तरी अपुरे उत्तर होय.